डिश लावताना आधी ओळंबा, मग उपग्रह

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिंडोरी तालुक्यात द्राक्षांचं पॅकहाऊस. फायबर मुख्य रस्त्यापाशीच थांबलंय, मोबाईलचं नेटवर्क आलं तर आलं. म्हणून उपग्रहावरचं इंटरनेट घेतलं. बसवणाऱ्याने पत्र्याच्या शेडवर १.२ मीटरची डिश उभी केली, मोबाईलमधल्या होकायंत्राने दिशा धरली आणि तासाभरात ७४ अंश पूर्वेचा उपग्रह पकडला. सिग्नलचा मीटर नव्वद टक्के दाखवतो. तरी अपलोड रखडतं, दुपारी वारं सुटलं की मोडेम लॉक सोडतो, म्हणजे उपग्रहाचा सिग्नल हातचा जातो. बसवतानाही क्रॉस-पोल चाचणीत (आडव्या लहरी उभ्यात गळत नाहीत ना, हे बघणारी चाचणी) दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा कसंबसं पास झालं होतं. विचारणाऱ्यांना दोनच गोष्टी हव्या आहेत: अचूक कोन सांगणारं ॲप कोणतं, आणि अचूक म्हणजे नेमकं किती?

भाऊ, ॲप कुठलंही घ्या. कोन सगळीच बरोबर सांगतात, कारण ते दहावीच्या त्रिकोणमितीचंच थोडं लांबवलेलं गणित आहे. तुमची अडचण कोन माहीत नसण्याची नाहीच. तो कोन ज्या लोखंडावर मोजला ते लोखंड सरळ आणि स्थिर आहे का, हा खरा प्रश्न आहे. तुम्ही दिलेली तिन्ही लक्षणं, म्हणजे अपलोड, वारा आणि क्रॉस-पोल, मला एकाच जागी बोट दाखवताना दिसतात. ती जागा म्हणजे शेडवरचा पोल.

आधीच एक कबूल करतो. डिश न बघता सांगतोय. अपलोड रखडायला बाकीही कारणं असतात: बीयूसीपर्यंतची (डिशवरच्या, सिग्नल वर पाठवणाऱ्या यंत्रापर्यंतची) केबल लांब किंवा हलकी असणं, एफ कनेक्टरमध्ये पाणी शिरणं, जनरेटरवर व्होल्टेज पडणं, किंवा तुमचा प्लॅनच बेताचा असणं. आणि पिंग ६०० मिलिसेकंदांच्या आसपास येत असेल तर तो दोष नव्हेच. उपग्रह आपल्यापासून सुमारे ३६,२०० किलोमीटरवर आहे. तुमच्या प्रश्नाला वर जाऊन खाली हबपर्यंत, म्हणजे कंपनीच्या जमिनीवरच्या केंद्रापर्यंत, आणि उत्तराला तसंच परत यायला अर्धा सेकंद लागणारच. डिश कितीही हलवली तरी तो वेळ कमी होत नाही.

आता नाशिकची गंमत सांगतो, कारण बाहेरगावचे फिटर इथेच फसतात. नाशिक शहर ७३.८ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि तुमचा उपग्रह ७४ वर. म्हणजे तो आपल्या जवळजवळ नेमक्या दक्षिणेला आहे. अझिमथ, म्हणजे उत्तरेपासून उजवीकडे मोजलेला दिशेचा कोन, १७९.४ अंश, दिंडोरीला १७९.५ धरा. एलिव्हेशन, म्हणजे क्षितिजापासून वरचा कोन, नाशिकला साडेसहासष्ट, दिंडोरी थोडी उत्तरेला असल्याने तिथे ६६.३. फीड, म्हणजे डिशसमोरचा लहरी घेणारा-सोडणारा भाग, फिरवायचा कोन, ज्याला आम्ही स्क्यू म्हणतो, तो जेमतेम अर्धा अंश, म्हणजे शून्यच म्हणा. ह्याच गावात ८३ अंशाचा उपग्रह धरायचा असेल तर अझिमथ १५४.६, एलिव्हेशन ६४.३ आणि स्क्यू जवळपास २४ अंश होतो. ५५ अंशाचा धरायचा तर डिश नैर्ऋत्येला २२५ वर जाते आणि स्क्यू ४१ च्या पुढे. त्या मानाने ७४ म्हणजे आपल्या दारातला उपग्रह. २०१८ च्या डिसेंबरात गेलेला, ५,८५४ किलो वजनाचा जीसॅट-११ ह्याच जागेवर आहे. तुमची सेवा त्याच्यावर आहे की त्याच जागेवरच्या दुसऱ्या कुठल्या उपग्रहावर, ते तुमच्या करारात असेल. डिशच्या दृष्टीने दिशा एकच.

एवढी सोपी दिशा आणि तरी गोंधळ का? कारण उपग्रह उंच आहे. साडेसहासष्ट अंश म्हणजे मान दुखेपर्यंत वर बघायचं. एवढ्या उंचीवर दोन गोष्टी घडतात, आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत.

पहिली आपल्या फायद्याची. पोलभोवती डिश एक अंश फिरवली तर आकाशातला झोत फक्त ०.४ अंश सरकतो. छत्रीच्या टोकाजवळच्या काड्या आठवा: दांडा तेवढाच फिरवला तरी कडेची काडी हातभर सरकते आणि टोकाजवळची बोटभर. म्हणून नाशिकला अझिमथ पाच अंश चुकला तरी झोत उपग्रहापासून दोनच अंश दूर असतो, आणि हळूहळू फिरवलं की सापडतो. एलिव्हेशनला मात्र ही सवलत नाही. तिथला एक अंश म्हणजे आकाशातलाही पुरता एक अंश. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. एलिव्हेशन आधी आणि सोनाराच्या काट्याने, अझिमथ नंतर आणि सावकाश. होकायंत्राला चिकटून बसणारे नेमकं उलटं करतात. अझिमथवर अर्धा तास घालवतात आणि एलिव्हेशन ब्रॅकेटवरच्या छापील पट्टीवर सोडून देतात.

दुसरी गोष्ट तोट्याची, आणि तुमचं दुखणं मला तिथेच वाटतं. पोल पूर्वेला किंवा पश्चिमेला एक अंश कललेला असेल तर ती चूक उंचीमुळे वाढते. एक अंशाचा कल अझिमथमध्ये सव्वादोन अंशांची चूक होऊन येतो. ती फिरवून भरून काढता येते, सगळे काढतातच. पण भरून काढताना डिशबरोबर फीडही स्वतःभोवती फिरलेला असतो, अडीच अंशांनी. स्क्यूच्या पट्टीवर तुम्ही शून्य लावलंय, पट्टी शून्यच दाखवतेय, आणि प्रत्यक्षात ध्रुवीकरण अडीच अंश तिरकं झालंय. क्रॉस-पोल चाचणीत नियंत्रण केंद्रातला माणूस बघतो ते हेच: तुमच्या आडव्या लहरीतला किती भाग उभ्यात गळतोय. चाचणीत साधारण ३० डेसिबलचा फरक मागतात. फीड एक अंश तिरका असेल तर ३५ मिळतात, दोन अंशाला २९, अडीचला २७. म्हणजे सरळ नापास. मग फिटर घाम पुसत फीड थोडा इकडे, थोडा तिकडे करतो आणि तिसऱ्यांदा पास होतो. पण पोल वाकडा तो वाकडाच राहतो.

एक अंश म्हणजे किती, ह्याचा अंदाज नसतो म्हणून सांगतो. मीटरभर पोलच्या टोकाला १७ मिलिमीटर. करंगळीची रुंदी. नुसत्या नजरेला हे दिसेलच असं नाही, त्यातून शेडला उतार असला तर नजर आणखी फसते. म्हणून माझ्या पिशवीत मीटरच्या आधी ओळंबा असतो, गवंड्याचा साधा पितळी. सोबत फूटभर लेव्हल पट्टी. पट्टी पोलला दक्षिणेकडून लावायची, मग पूर्वेकडून. एकाच बाजूने बघून 'सरळ आहे' म्हणणारा अर्धंच बघतो. आणि पट्टीवरही आंधळा विश्वास नको. त्याच जागी उलटी धरून पाहायची. बुडबुडा दोन्ही वेळा एकाच जागी आला तर पट्टी खरी. डिजिटल अँगल गेजलाही हाच नियम.

अँगल गेज कुठे ठेवायचा ह्यावरूनही बरीच भांडणं होतात. तुमची डिश बहुधा ऑफसेट प्रकारची आहे, म्हणजे फीड मध्यावर न येता खालच्या बाजूने वर बघतो. अशा डिशचं तोंड आणि झोत ह्यांच्यात ठरावीक फरक असतो. हा ऑफसेट प्रत्येक बनावटीचा वेगळा. तुमचा २२ अंश निघाला तर झोत ६६.३ वर असताना डिशचं तोंड ४४.३ वरच दिसेल. ब्रॅकेटची पट्टी हा फरक धरून छापलेली आहे की न धरता, ते माहितीपत्रकात वाचायचं. न वाचता लावली की फिटर आकाशाच्या भलत्याच पट्ट्यात उपग्रह शोधत बसतो. गेज डिशच्या वक्र पाठीवर कधीच ठेवायचा नाही, कंपनीने दाखवलेल्या सपाट जागेवरच.

दिशेचं म्हणाल तर पत्र्याच्या शेडवर मोबाईलचं होकायंत्र काढूच नका. खाली लोखंडी कैच्या, वर पत्रा, हातात पाना, शेजारी कोल्ड स्टोरेजचा कॉम्प्रेसर. काटा बिचारा कुणाकुणाचं ऐकणार? चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर ह्यांतला फरक आपल्याकडे एक अंशाच्या आत आहे, त्यामुळे होकायंत्र मोकळ्या बागेत उभं राहून वापरलं तर बरं चालतं. शेडवर ते दहा-वीस अंशही खोटं बोललेलं मी पाहिलंय.

मी सूर्य वापरतो. आपला उपग्रह बरोबर दक्षिणेला आहे, त्यामुळे सूर्य याम्योत्तरावर, म्हणजे दक्षिणोत्तर रेषेवर, येतो त्या क्षणी ओळंब्याच्या दोऱ्याची सावली हीच आपली रेघ. तो क्षण घड्याळाच्या बाराला येत नाही. भारतीय वेळ ८२.५ रेखांशाची, आपण त्याच्या पुष्कळ पश्चिमेला, म्हणून नाशिकची खरी दुपार सरासरी बारा पस्तीसला होते. वर्षभरात ती पुढेमागे सरकते: फेब्रुवारीच्या मध्यावर बारा एकोणपन्नास, नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा अठराच्या सुमाराला. डिसेंबरात सावली मिनिटाला अंशाच्या एक तृतीयांश सरकते, मार्चमध्ये दुप्पट वेगाने, म्हणजे घड्याळ एखाद्या मिनिटाने चुकलं तरी बिघडत नाही. मे उजाडला की मात्र हा उपाय विसरायचा. वीस मेच्या सुमाराला सूर्य आपल्या डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि पुढे जुलैच्या चोविशीपर्यंत तो आपल्या उत्तरेलाच असतो. तेव्हा मी नकाशा घेतो. शेडवरून रामशेजचा किल्ला किंवा लांबची एखादी ठळक खूण दिसत असेल तर उपग्रह-छायाचित्रावर आपल्या जागेपासून तिथपर्यंत रेघ ओढायची, तिचा कोन बघायचा, आणि तिथून दक्षिण मोजून घ्यायची. लांबची खूण कधी दगा देत नाही.

एवढं केलं की उपग्रह सापडायला दहा मिनिटंही लागत नाहीत. पण सापडणं म्हणजे लागणं नव्हे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

१.२ मीटरच्या डिशचा झोत उतरत्या, म्हणजे उपग्रहाकडून येणाऱ्या, १२ गिगाहर्ट्झला सुमारे दीड अंश रुंद असतो, चढत्या, म्हणजे आपण पाठवतो त्या, १४ गिगाहर्ट्झला सव्वा अंश. झोताचा माथा सपाट असतो. अंजनेरीवर गेला असाल तर आठवा: वर पोचल्यावर भलंमोठं पठार लागतं आणि सगळ्यात उंच जागा कुठली ते तिथे उभं राहून कळत नाही. मीटरचंही तसंच. मध्यापासून ०.२ अंश बाजूला असाल तर घट फक्त पाव डेसिबल, मीटर हलतसुद्धा नाही. अर्धा अंश बाजूला गेलात तर उतरत्या बाजूला १.४ डेसिबल जातात आणि तुमच्या मीटरवरचे नव्वद टक्के नव्वदच्या आसपासच राहू शकतात, कारण टक्के ही बनवणाऱ्याने ठरवलेली पट्टी आहे. चढत्या बाजूला त्याच चुकीने जवळपास दोन डेसिबल जातात, कारण तिथला झोत अरुंद. म्हणजे मीटर दाखवतो त्यापेक्षा जास्त नुकसान न दिसणाऱ्या बाजूला होतं, आणि तुमचं अपलोड त्याच बाजूने जातं.

म्हणून माथा शोधायचाच नाही. दोन्ही उतार शोधायचे आणि मध्य काढायचा. मोडेमच्या पानावर टक्के सोडून डेसिबलमधला आकडा बघायचा, एक दशांशापर्यंत. सगळ्यात जास्त आकडा १२.४ आला असं धरा. एलिव्हेशनच्या दांड्यावरचा नट एका बाजूला फिरवत आकडा ११.४ होईपर्यंत जायचं, आणि नटाच्या कडेला खडूने खूण करायची. मग उलट दिशेने फेरे मोजत निघायचं: १२.४ येईल, काही काळ तिथेच रेंगाळेल, मग पुन्हा ११.४ ला उतरेल. मधले फेरे सात भरले तर साडेतीन मागे. एक खुबी आहे. आट्यांमध्ये थोडी ढिलाई असतेच, म्हणून शेवटच्या जागी नेहमी एकाच दिशेने यायचं. पुढे गेलात तर चांगला एक फेरा मागे जाऊन पुन्हा त्याच दिशेने यायचं. प्रत्येक वळशानंतर दोन-तीन सेकंद थांबायचं, कारण मोडेम सरासरी काढून आकडा दाखवतो. घाईत माणूस जुना आकडा नव्या जागेला चिकटवतो. मग अझिमथला हेच, आणि पुन्हा एकदा एलिव्हेशनला. दुसऱ्या फेरीत फारसं काही हलत नाही, पण जेवढं हलतं तेवढंच पावसाळ्यात कामाला येतं.

तर किती अचूक? मी ०.२ अंशाच्या आत आलो की थांबतो. उपग्रह स्वतःच ०.०५ ते ०.१ अंशाच्या चौकटीत दिवसभर डुलत असतो, आणि त्या अंतरावर अंशाचा दहावा भाग म्हणजे ६३ किलोमीटर. त्याच्यापेक्षा बारीक मोजणं म्हणजे झोपाळ्यावर बसलेल्या पोराचं माप घेणं. अर्ध्या अंशाची चूक मात्र मी कुणाचीही चालवून घेणार नाही. ७४ च्या शेजारीच ७५ अंशावर परदेशी उपग्रह बसलाय. तुमची डिश नुसती ऐकत नाही, बोलतेही. तिचा झोत तिरका गेला की तुमचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जातं. म्हणूनच नियंत्रण केंद्राने हो म्हटल्याशिवाय बीयूसी सुरू ठेवायचं नसतं, आणि म्हणूनच मीटर हाती असला तरी मालकाने स्वतः डिश हलवू नये. एवढं तुम्हालाही सांगून ठेवतो.

नट आवळण्याची कथा माझ्याच अंगाशी आलेली आहे. त्र्यंबक रस्त्यावर एका एटीएमची डिश मी फेब्रुवारीत लावली होती. आकडा छान आला, एका हाताने डिश धरली, दुसऱ्याने सगळे बोल्ट एकामागून एक करकचून आवळले, शिडी उतरलो, सही घेतली. जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला आणि एटीएम बंद. पाऊस थांबला की सुरू, लागला की बंद. दोनदा मोडेम बदलला. तिसऱ्या खेपेला रेनकोट घालून वर चढलो तेव्हा कळलं की आवळताना डिश स्वतःच्या वजनाने अर्धा अंश खाली बसली होती. कोरड्या हवेत तेवढं पुरत होतं. कु बँडला, म्हणजे ह्याच १२-१४ गिगाहर्ट्झच्या लहरींना, पाऊस खातो, त्र्यंबक-इगतपुरीकडचा तर फारच, आणि पावसाने खायला ठेवलेली शिल्लक मी फेब्रुवारीतच उधळून टाकली होती. तेव्हापासून बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, पाव-पाव फेरा आवळतो, प्रत्येक वेळी आकडा बघतो, आणि सगळं घट्ट झाल्यावर डिशची कड हाताने हलकेच चारी बाजूंनी दाबतो. दाबल्यावर चारी बाजूंना आकडा सारखाच पडला तर डिश मध्यावर आहे. एका बाजूला दाबल्यावर आकडा वाढला तर उतरायचं नाही, काम बाकी आहे. (बीयूसी बंद करून, आणि डिशच्या तोंडासमोर उभं न राहता. हे लिहायची गरज पडू नये, पण पडते.)

ही दाबून बघायची चाचणी तुमच्या फिटरला करायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि पहिला निकाल त्यातच लागेल.

आता वारा. १.२ मीटरच्या डिशवर ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यात साठ-सत्तर किलोचा जोर येतो. दुपारच्या रोजच्या वाऱ्यात तो पुष्कळ कमी असतो, पण पत्र्याच्या शेडला तेवढाही पुरतो. डिशची कड मागेपुढे तीन-तीन मिलिमीटर हलली की ०.३ अंश गेला. तुमचा पोल पत्र्याखालच्या पर्लिनला, म्हणजे आडव्या लोखंडी पट्टीला, बोल्ट केलेला असणार. पर्लिन पत्रा पेलायला असते, मुरगळ सोसायला नाही. डिश आधीच अर्धा अंश बाजूला असेल तर वाऱ्याचा ०.३ तिला कड्यावरून खाली ढकलतो. मध्यावर असती तर तेवढाच वारा पठारावर फिरून परत आला असता. म्हणून तुमची वाऱ्याची तक्रार आणि अपलोडची तक्रार मी वेगळी धरत नाही. शिवाय प्री-कूलिंगचा कॉम्प्रेसर त्याच शेडला धरून असेल तर सांगाडा दिवसभर थरथरतोय, आणि थरथरीने नट हळूहळू सुटतात.

मी असतो तर डिश शेडवरून उतरवली असती. एवढ्या एलिव्हेशनला उंचावर लावायची हौस कशाला? डिशच्या दक्षिणेला तीन मीटरवर झाड असेल तर ते डिशपेक्षा जवळपास सात मीटर उंच होईपर्यंत आड येत नाही. नाशिकला हा मोठा आराम आहे, उपग्रह झाडांच्या डोक्यावरून दिसतो. ऑफिसच्या आरसीसी स्लॅबवर जागा असेल तर उत्तमच: बेस प्लेट, चार अँकर बोल्ट, आणि भोकांभोवती गळती-बंद लेप, नाहीतर पावसाळ्यात छताच्या गळतीसाठी फोन येतो. स्लॅब नसेल तर जमिनीवर, पण तिथे दिंडोरीची काळी माती आडवी येते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि दोन फुटांच्या खड्ड्यात रोवलेला पोल वर्षभरात डोलत राहतो. मार्चमध्ये ओळंब्यात असलेला पोल सप्टेंबरमध्ये तिरका सापडला तर तुम्ही फिटरला शिव्या द्याल, दोष मातीचा असेल. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या, काँक्रीट मुरमात बसवा, आणि ते आठवडाभर मुरू द्या. आज ओतलं आणि उद्या डिश चढवली असं करू नका. कंपनीचा माणूस घाई करेल, त्याला त्या दिवशीचं काम संपवायचं असतं.

तेव्हा कंपनीला फोन कराल तेव्हा 'स्पीड नाही' एवढंच सांगू नका. त्यावर ते मोडेम रीस्टार्ट करायला सांगतील. तीन गोष्टी मागा: पोल दोन्ही बाजूंनी ओळंब्यात आहे का ते तुमच्यासमोर तपासा, दोन्ही उतार मोजून मध्य काढा आणि डेसिबलमधला आकडा लिहून द्या, क्रॉस-पोल पुन्हा करा आणि तोही आकडा लिहून द्या. पोल तिरका निघाला तर बाकीचं आधी पोल सरळ करूनच. काम झाल्यावर प्रत्येक सांध्यावर, म्हणजे पोल आणि ब्रॅकेट, ब्रॅकेट आणि डिश, फीड आणि नळी, तिथे ऑइल पेंटची एक आडवी रेघ ओढून घ्या. रेघ तुटलेली दिसली की काहीतरी सरकलं, हे खालूनही कळतं. आकडे ऑफिसच्या भिंतीवर चिकटवा. सहा महिन्यांनी तोच आकडा असेल तर डिशला हात लावायचं कारण नाही, मग केबल आणि कनेक्टर बघा.

कुणी तुम्हाला सांगेल की आता स्वतःच दिशा धरणाऱ्या सपाट अँटेना येतायत, हे सगळं कशाला. खरं आहे. साडेपाचशे किलोमीटरवरून धावणाऱ्या उपग्रहांसाठी त्या असतात, झोत आतल्या आत फिरवतात, त्यांना ओळंबा लागत नाही. त्यांना चारी बाजूंनी मोकळं आकाश लागतं, आणि तिथे आंब्याचं झाड खरोखर आडवं येतं. तो वेगळा हिशेब आहे. तुमच्या पोलवर आज जी डिश आहे तिच्यासाठी वरचंच लागू.

शेवटचं एक, कारण ते नेमकं तुमच्या हंगामात येतं. ११-१२ मार्चच्या आसपास काही दिवस, दुपारी पाऊणच्या सुमाराला, सूर्य बरोबर तुमच्या उपग्रहाच्या मागे येतो. काही मिनिटं मोडेम लॉक सोडेल, मग आपोआप धरेल. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुन्हा तसंच होईल, तेव्हा साडेबाराच्या थोडं आधी. ग्रेपनेटवर, म्हणजे द्राक्ष निर्यातीच्या सरकारी नोंदप्रणालीवर, माहिती चढवायची असेल तर ती वेळ टाळा, आणि त्या दिवसांत डिश हलवायला कुणालाही शिडीवर चढू देऊ नका.